मगरीब ते इशा : आकाशातील चालत्या ताऱ्यांचे वेळापत्रक



२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवा. त्या दिवशी शनिवार होता, गुढीपाडवाही होता, आणि आपल्या घराघरांतून रमजानच्या चंद्राची वाट पाहिली जात होती. मीरा रोडला नया नगरच्या गच्च्यांवर मुले पश्चिमेकडे बोटे दाखवीत उभी होती. अमावस्येचा क्षण आदल्या दिवशी, १ एप्रिलला दुपारी बाराच्या सुमारास होऊन गेला होता. तेव्हा २ तारखेला सूर्यास्ताच्या वेळी चंद्राचे वय ३० तासांहून अधिक भरत होते. आभाळ स्वच्छ असेल तर चंद्रकोर दिसणार, हे गणित जाणणाऱ्यांना आधीच माहीत होते. कोर दिसली, आणि दुसऱ्या दिवशी पहिला रोजा झाला.

त्याच संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राच्या आकाशात एक निराळाच देखावा झाला. अग्नीच्या रेषा जळत, तुटत एका ओळीने सरकत गेल्या. कोणी म्हणाले उल्कापात, कोणी म्हणाले विमान पेटले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी दोन-तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे येऊन पडले. त्याचे वजन ४० किलोहून अधिक होते. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशोब मांडून सांगितले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चँग झेंग ३-बी या अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा.

एकाच संध्याकाळी, एकाच महाराष्ट्राच्या आकाशात, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दोन वस्तू लोकांनी पाहिल्या. एकीची वाट पाहत लोक आनंदाने उभे होते, दुसरीने त्यांची धांदल उडविली. हा फरक कशामुळे? एकीची वेळ आपल्याला ठाऊक होती, दुसरीची नव्हती, हेच त्याचे उत्तर. आकाशातील फिरत्या वस्तू केव्हा दिसतील हे आधी सांगण्याची विद्या माणसाने कशी मिळविली, तिचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. या विद्येत आपल्या पूर्वजांचा वाटा मोठा आहे, आणि पुढचा वाटा उचलण्याची पाळी आपल्या मुलामुलींची आहे.

पहिला उपग्रह : चंद्र

पृथ्वीचा सर्वांत जुना उपग्रह म्हणजे चंद्र. तो केव्हा दिसेल, हा उपग्रह-दर्शनाचा सर्वांत जुना प्रश्न. भारतीय ज्योतिषांनी याचे एक सुटसुटीत उत्तर काढले होते. चंद्र सूर्यापासून १२ अंश दूर गेला की दिसू लागतो. बारा अंश म्हणजे दोन घटका, अर्थात आजच्या घड्याळाची ४८ मिनिटे. सूर्यास्तानंतर निदान एवढा वेळ चंद्र आकाशात राहिला पाहिजे, असा तो नियम.

आठव्या शतकात खलिफा अल्-मन्सूरच्या काळी भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला पोहोचले आणि त्यांचे अरबीत रूपांतर झाले. ते 'सिंदहिंद' या नावाने ओळखले गेले. त्यांच्या आधाराने नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीने आपली ज्योतिष-कोष्टके रचली. 'अल्जिब्रा' हा शब्द ज्याच्या ग्रंथावरून आला, तोच हा गणिती. नवचंद्र केव्हा दिसेल याचे कोष्टकही त्याच्या नावावर आहे. म्हणजे विद्येची ही वाट भारतातून बगदादला गेली, तेथे तिच्यावर संस्कार झाले आणि पुढे स्पेनमार्गे ती युरोपात उतरली. विद्येला वतन नसते म्हणतात ते असे.

एक गोष्ट येथे स्पष्ट करतो. चंद्रदर्शनाचा धार्मिक निर्णय कसा व्हावा, हा उलेमांचा प्रांत आहे. या लेखाचा तो विषय नाही. आपण पाहत आहोत तो केवळ गणिताचा इतिहास.

संधिप्रकाशाचे गणित

चंद्राइतकाच दुसरा एक प्रश्न त्या विद्वानांना पडला होता, तो नमाजच्या वेळांचा. मगरीबची वेळ सूर्य मावळताच सुरू होते, हे डोळ्यांना दिसते. पण इशाची वेळ संधिप्रकाश मावळल्यावर होते. तो नेमका केव्हा मावळतो? सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेल्यावर? अनेकांनी वर्षानुवर्षे निरीक्षणे केली. बहुतेकांची उत्तरे १७ ते २० अंशांच्या दरम्यान येतात. मोठ्या मशिदींत या कामासाठी 'मुवक्कित' नेमले जात. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल्-शातिर हा थोर ज्योतिषी याच कामावर होता.

अकराव्या शतकात अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, जेन येथे इब्न मुआज अल्-जय्यानी नावाचा गणिती होऊन गेला. त्याने एक विलक्षण प्रश्न विचारला. सूर्य तर मावळला, मग पश्चिमेला उजेड कशाचा दिसतो? उंचावरच्या हवेवर अजून ऊन पडते आहे, त्याचाच तो उजेड. मग सूर्य १९ अंश खाली गेल्यावर तो उजेड संपतो, यावरून हवेच्या थराची उंची काढता येईल! त्याने भूमितीने ती काढली, सुमारे ५२ मैल. हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि कित्येक शतके तो इब्न अल्-हैसमच्या नावावर खपला. त्याचा खरा कर्ता अल्-जय्यानी, हे १९६७ साली अब्दुलहमीद सबरा या संशोधकाने दाखवून दिले.

आपण म्हणाल, याचा कृत्रिम उपग्रहांशी काय संबंध? संबंध अगदी जवळचा आहे. जमिनीवर अंधार पडला असता उंचावरच्या वस्तूवर ऊन असते, या एकाच गोष्टीवर उपग्रहांचे दिसणे अवलंबून आहे. उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नाही. अल्-जय्यानीने क्षितिजावरच्या उजेडाचा विचार केला, म्हणून त्याला कोनाचा अर्धा भाग घ्यावा लागला. आपण डोक्यावरच्या उपग्रहासाठी पुरा कोन घेऊ. सूर्य २० अंश खाली असेल तर मुंबईच्या डोक्यावर किती उंचीवर ऊन असेल? पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर धरून त्रिकोणमितीने उत्तर येते, सुमारे ४०० किलोमीटर. आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरते ते साधारण याच उंचीवर. दहावीच्या विद्यार्थ्याला हे गणित सहज करता येईल. वहीत करून पाहावे.

१९५७ : नवा तारा

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा तो गोळा ९६ मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा करीत असे. जगभर लोक त्याला पाहण्यासाठी अंगणात आले. गंमत अशी, की त्यांना दिसला तो बहुधा स्पुटनिक नव्हे. तो अगदी अंधुक होता. साध्या डोळ्यांनी दिसला तो त्याच्या मागून फिरणारा अग्निबाणाचा मोठा भाग.

आता प्रश्न आला, हा उद्या केव्हा दिसणार? पृथ्वी आपल्याभोवती तासाला १५ अंश फिरते. उपग्रह एक फेरी मारून येईतो आपण पूर्वेकडे सरकलेलो असतो. त्यामुळे पुढची फेरी पश्चिमेकडे हटून जाते. त्यातच पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तापाशी ती फुगीर आहे, आणि त्या फुगवट्यामुळे कक्षेची पातळीच हळूहळू वळत राहते. वरच्या विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह खाली येत जातो तो वेगळाच. हे सारे जमेस धरल्याशिवाय वेळापत्रक तयार होत नाही.

त्यासाठी आधी निरीक्षणे हवीत. अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेचे फ्रेड व्हिपल यांनी स्पुटनिकच्या आधीच 'मूनवॉच' नावाची योजना आखली होती. तीत शिक्षक, कारकून, विद्यार्थी असे हौशी लोक लहान दुर्बिणी घेऊन ओळीने बसत आणि उपग्रह रेषा ओलांडताच वेळ टिपीत. १९७५ पर्यंत ही योजना चालली. त्याच संस्थेने जगात १२ ठिकाणी बेकर-नन नावाचे प्रचंड कॅमेरे बसविले. त्यांतील एक आपल्या भारतात, नैनिताल येथील वेधशाळेत होता. १९५८ पासून तेथील शास्त्रज्ञ रात्री जागून उपग्रहांची छायाचित्रे घेत. जगातील उपग्रहांची वेळापत्रके ज्या निरीक्षणांवर उभी राहिली, त्यांत भारतीय हातांचीही मेहनत आहे.

इकडे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुणांनी स्पुटनिकचा 'बीप बीप' आवाज रेडिओवर ऐकला. आगगाडी जवळ येताना शिटीचा सूर चढा वाटतो आणि दूर जाताना उतरतो. मीरा रोडच्या फलाटावर आपण हे रोज ऐकतो. त्याच तत्त्वाने, सूर किती बदलतो हे मोजून, त्यांनी स्पुटनिकची कक्षा काढली. पुढे हाच हिशोब उलट केला. उपग्रहाची जागा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल! त्यातून जहाजांना वाट दाखविणारे उपग्रह निघाले. आज मोबाईलवर रस्ता दिसतो, त्याची सुरुवात अशी झाली.

१२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने एको नावाचा ३० मीटर व्यासाचा चकचकीत फुगा कक्षेत सोडला. तो एखाद्या ठळक ताऱ्यासारखा दिसे. कित्येक वृत्तपत्रे तो केव्हा दिसेल याच्या वेळा छापू लागली. लोक घड्याळ हातात घेऊन उभे राहत आणि तारा नेमका त्या मिनिटाला उगवे. गणितावरचा सामान्य माणसाचा विश्वास अशा प्रसंगी वाढतो.

१९७९ : स्कायलॅबची धास्ती

परंतु विद्येला मर्यादाही असतात, आणि त्या ठाऊक नसल्या तर भीती पसरते. स्कायलॅब हे अमेरिकेचे सुमारे ७७ टनांचे अंतराळ स्थानक १९७३ साली कक्षेत गेले होते. १९७९ मध्ये ते कोसळणार अशी बातमी आली. सूर्यावरील हालचाली अंदाजापेक्षा वाढल्या, त्यामुळे वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढले आणि स्थानक अपेक्षेआधी खाली येऊ लागले. त्याची कक्षा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५० अंशांपर्यंत जात होती, म्हणजे सारा भारत तिच्याखाली येत होता.

वडीलधाऱ्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. जून-जुलैत देशभर दुसरा विषय नव्हता. अफवांना ऊत आला होता. मीरा रोडला तेव्हा वस्ती तुरळक, सारी मिठागरे आणि शेते. आज रात्री पडणार, उद्या पडणार, अशा बोलण्याने बायाबापड्यांच्या जिवाला घोर लागला. अखेर ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर कोसळले. कोणालाही इजा झाली नाही.

त्या वेळी अमेरिकन अंतराळ संस्थेने एक आकडा दिला होता. एखादा तुकडा जगातील कोणा तरी एका माणसाला लागण्याची शक्यता १५२ त एक आहे. हे ऐकून लोक घाबरले. पण त्या वेळी जगात चारशे कोटींहून अधिक माणसे होती. तेव्हा तुम्हांला किंवा मला तुकडा लागण्याची शक्यता किती? १५२ ला चारशे कोटींहून अधिकने गुणा. उत्तर येते, साधारण सहाशे अब्जांत एक! रस्ता ओलांडण्याचा धोका याहून कितीतरी मोठा. हा एक गुणाकार त्या दिवसांत प्रत्येक मोहल्ल्यात कोणी करून दाखविला असता, तर किती जणांची झोप उडाली नसती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. उपग्रह केव्हा दिसेल हे दोन-चार दिवस आधी सेकंदांच्या अंतराने सांगता येते. तो कोठे पडेल हे मात्र अखेरच्या तासांपर्यंत निश्चित सांगता येत नाही. कारण सोपे आहे. उपग्रहाचा वेग तासाला सुमारे २८,००० किलोमीटर. अंदाज अडीच मिनिटांनी चुकला, तर पडण्याची जागा सुमारे १,१५० किलोमीटरनी सरकते, म्हणजे मुंबईऐवजी दिल्ली! लाडबोरीच्या ग्रामस्थांना कोणी आगाऊ सूचना देऊ शकले नाही, ते यामुळेच. 'आम्हांला इतकेच सांगता येते, यापुढचे नाही' असे स्पष्ट म्हणणे, हाही शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे.

मीरा रोडच्या गच्चीवरून

आता आपल्या गच्चीवर येऊ. उपग्रह दिसण्यास तीन अटी आहेत. तो आपल्या क्षितिजाच्या वर असला पाहिजे. त्याच्यावर ऊन असले पाहिजे. आणि आपल्याकडे अंधार झालेला असला पाहिजे. तिन्ही अटी एकत्र जुळतात त्या मुख्यतः दोन वेळांना. संध्याकाळी मगरीबनंतर इशापर्यंत, आणि पहाटे फजरपासून सूर्योदयापूर्वीपर्यंत. मुवक्कितांनी शतकानुशतके ज्या संधिप्रकाशाचा अभ्यास केला, तोच उपग्रह पाहण्याचा काळ ठरावा, ही मोठी रम्य गोष्ट आहे.

मीरा रोड उत्तर अक्षांश १९ च्या जरा वर आहे. येथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून संधिप्रकाश सव्वा-दीड तासात आटोपतो. अंतराळ स्थानक आपल्याला साधारण तेवढ्याच वेळात दिसू शकते. उलट लंडनला जूनमध्ये मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली १५-१६ अंशच असतो, त्यामुळे तेथे स्थानक रात्रभर केव्हाही दिसते. तिकडे नातेवाईक असतील त्यांना पत्रातून विचारून पाहा.

हे स्थानक १९९८ पासून बांधले गेले. ते ९३ मिनिटांच्या आसपास एक फेरी करते. पुढच्या फेरीच्या वेळी त्याची वाट पश्चिमेकडे सुमारे २३ अंश, म्हणजे आपल्या अक्षांशावर जवळजवळ २,४०० किलोमीटर, सरकलेली असते. त्याच्या कक्षेची पातळी रोज सुमारे पाच अंश वळते. म्हणून काही दिवस ते संध्याकाळी दिसते, मग दिसेनासे होते, मग पहाटे दिसू लागते. असे चक्र साधारण दोन महिन्यांत पुरे होते. 'परवा दिसले, आज का नाही?' या प्रश्नाचे उत्तर हेच.

ओळखावे कसे? आपल्या डोक्यावरून विमानतळाकडे जाणारी विमाने लाल-हिरवे दिवे लुकलुकवीत जातात. स्थानक लुकलुकत नाही. एक स्थिर, पांढरा, तेजस्वी ठिपका पश्चिमेकडून निघतो आणि पाच-सहा मिनिटांत पूर्वेकडे जातो. कित्येकदा तो पूर्वेच्या आकाशात मध्येच विझतो. घाबरू नये. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. अलीकडे, मे २०१९ पासून, स्टारलिंक नावाचे उपग्रह एका वेळी अनेक सोडले जातात. सोडल्यावर काही दिवस ते ओळीने, आगगाडीच्या डब्यांसारखे जातात. त्यांच्याविषयीही अफवा उठल्या आहेत.

वेळा आज कोठे मिळतात? प्रत्येक उपग्रहाची कक्षा आकड्यांच्या दोन ओळींत लिहिण्याची पद्धत आहे. त्या आकड्यांवरून जागा काढण्याची रीत अमेरिकन संरक्षण खात्याने १९८० साली प्रसिद्ध केली आणि ती जगभरच्या हौशी अभ्यासकांना खुली झाली. एकेकाळी जे काम सरकारी यंत्रे करीत, ते आज आपल्या खिशातील मोबाईल क्षणात करतो. गाव निवडले की तारीख, वेळ, दिशा आणि उंची समोर येते. पण, विद्यार्थ्यांनो, उत्तर मिळाले म्हणजे विद्या मिळाली असे नव्हे. गणित मागे कोणते आहे, हे विचारणाराच पुढे जातो.

एक प्रयोग

पावसाळ्यात चार महिने आपले आकाश ढगांनी भरलेले असते. म्हणून नोव्हेंबर ते मे हा काळ निवडावा. वेळापत्रकातून स्थानक डोक्यावरून जाणार आहे अशी संध्याकाळ शोधावी. दिव्यांचा झगमगाट टाळून खाडीकडे, मिठागरांच्या बाजूला किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्यांसह जावे. नाही तर गच्ची आहेच. घड्याळ रेडिओच्या वेळेला लावावे. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे. सांगितलेली वेळ आणि दिसलेली वेळ यांत किती सेकंदांचे अंतर पडले, ते टिपावे.

पुण्याला कोणी मामा, खाला असतील तर प्रयोग अधिक रंगेल. पुणे येथून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर. आपल्या डोक्यावर असलेले स्थानक त्याच क्षणी पुण्याहून डोक्यापासून सुमारे १८ अंश ढळलेले दिसेल. दोघांनी एकाच क्षणी कोन मोजले, तर त्रिकोणावरून उंची काढता येईल. शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापक, एक दोरा आणि एक खडा, एवढे साहित्य पुरते. सुट्टीत वरळीच्या नेहरू तारांगणालाही मुलांना न्यावे. ते ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हौशी आकाश-निरीक्षकांची शाळाच आहे.

पालकांना एक विनंती. संध्याकाळी गच्चीवर मुलाने किंवा मुलीने बोट दाखवून विचारले, 'अब्बा, तो चालणारा तारा कोणता?' तर 'असेल काही तरी, चल अभ्यासाला' असे म्हणू नका. तो प्रश्न हाच अभ्यास आहे. आणि मुलींना 'तिन्हीसांजेला गच्चीवर काय काम' म्हणून खाली बोलावू नका. सोबत आपणही वर जा. अल्-जय्यानीने जो प्रश्न विचारला तोही एका साध्या संध्याकाळी, आकाशाकडे पाहूनच सुचला असेल.

आकाशातून पुढेही वस्तू पडतील, नव्या रेषा दिसतील, आणि मोबाईलवरून अफवा १९७९ पेक्षा कितीतरी वेगाने धावतील. त्या दिवशी आपल्या मोहल्ल्यात एक तरी मुलगा, एक तरी मुलगी अशी असावी, की जी वही काढून म्हणेल, 'थांबा, आधी हिशोब करू या.' आपल्या शाळांनी एवढे साधले, तर पुष्कळ साधले.

वेळ गणित सांगेल. पाहण्यासाठी मान मात्र आपणच वर करावयाची आहे.